सोनुआत्याच्या बांगड्या

लोधिवली,
१७ ऑगस्ट

प्रिय सुफियान,

कसा आहेस, शहाजादी चाचीचे गुडघे काय म्हणतात, हे सगळं शेवटी विचारीन, तोवर राग उतरला तर. आत्ता मी तुझ्यावर चिडलोय. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू निळ्या खुणा दाखवून गप्प बसला असतास. फोनवर बोललो असतो तर दुसऱ्या मिनिटाला शिव्यांवर आलो असतो, आणि माझी खोड तुला ठाऊक आहे, शिव्या देऊन झाल्या की मला हसू येतं आणि राग फुकट जातो. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून चौकातून शंभर पानी वही आणली आणि सकाळपासून ओटीवर बसून लिहितोय. दहावीच्या निबंधानंतर एवढं हातानं मी कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

सुरुवात पैशांपासून करतो, कारण ती तूच तिथून केलीस. मी जुलैमध्ये तुला सोनुआत्याच्या धवल्याचं गाणं पाठवलं आणि म्हटलं, मास्टरिंग करून दे. तू म्हणालास, एका गाण्याचे बारा घेतो, तुला आठ. बारा हजार मला लागले नाहीत, ते ‘तुला आठ’ लागलं. म्हणजे वीस वर्षांच्या दोस्तीची किंमत चार हजार. अरे, मोठ्या कंपन्यांनी द्यावेत बारा. त्यांच्याकडं नटीला पावसात नाचवायला पैसे असतात, गाण्याला पण असतील. माझ्यासारखा माणूस स्वतःच चाल लावतो, स्वतःच वाजवतो, स्वतःच रेकॉर्ड करतो आणि स्वतःच नेटवर सोडतो. माझं गेल्या वर्षीचं हळदीचं गाणं तीन लाख लोकांनी ऐकलं, रायगडातली एक हळद त्याच्याशिवाय झाली नाही. त्यातून जे आलं त्यात बायकोला, श्रद्धाला, मिक्सरचं नवं भांडं आलं. झाकण जुनंच आहे.

आणि कशाचे द्यायचे? मास्टरिंग म्हणजे काय, ते मी इथल्या पोरांना शंभरदा सांगितलंय. गाणं वाजवून झालं, जुळवून झालं, की बाहेर सोडायच्या आधी कुणीतरी एक शेवटचा हात फिरवतो. कुठं टोचतं, कुठं दबतं, ते सारखं करतो, म्हणजे गाणं मोबाइलवर, गाडीत, टेंपोवर सगळीकडं नीट वाजतं. थोडक्यात, मांडवात जायच्या आधीची नवरदेवाची दाढी. आता नवरदेवाला हात आहेत, घरात आरसा आहे. मग त्यानं स्वतःची दाढी स्वतः केली तर काय लग्न मोडतं? पण नाही. तुम्ही मुंबईला जाऊन चार यंत्रं घेतलीत, दारावर पाटी लावलीत आणि आमच्या मनात भरवलंत की स्वतः केलेलं ते सगळं गावठी. हा धंदा भीतीवर चालतो, सुफियान. ‘तुमचं गाणं तयार नाही’ असं म्हणायचं आणि हात पुढं करायचा.

तू असा नव्हतास. अबूबकर चाचांच्या अत्तराच्या दुकानावरचा माळा आठवतोय का? कर्जतच्या बाजारातल्या एकूण एक आम्लेटवाल्याकडून आपण अंड्यांचे रिकामे ट्रे मागून आणले आणि भिंतींना चिकटवले. चाचा खाली गिऱ्हाइकांना सांगायचे, वर पोरांनी कोंबड्या पाळल्यात. तिथं एका माइकवर आपण अख्ख्या तालुक्याची गाणी केली आणि त्या वेळी ‘मास्टरिंग’ हा शब्दसुद्धा आपल्याला माहीत नव्हता. आणि गजाची बेंजो पार्टी. टेंपोवर मागं जनरेटर, दोन्ही बाजूंना उंचच्या उंच स्पीकर, मधे आपण. माझ्या ऑक्टोपॅडची वायर तोकडी, म्हणून माझी जागा कायम उजव्या स्पीकरला चिकटून. तू त्या बाजूला कीबोर्डवर, दोन्ही कानांत चाचांच्या अत्तरात बुडवलेले कापसाचे फाये. आम्ही किती चिडवायचो तुला, की लग्नातल्या पोरींसाठी वास मारत येतोस. तू हसायचास, पण फाये काढायचा नाहीस. उलट एकदा मला पण द्यायला आलास. मी ते गजाच्या नाकात घातले. तू तीन वर्षांनी आवाजाचं शिकायला मुंबईला निघून गेलास. मी त्या वायरच्या टोकाला अकरा वर्षं उभा राहिलो.

असो. सोनुआत्याचं तुला माहीत आहे, पण पुन्हा सांगतो, कारण तू विसरलास असं वाटतं. आत्या आमच्या भागातली शेवटची धवलारीण म्हटलं तरी चालेल. भटजी यायच्या आधी मांडवात तिचे धवले व्हायचे, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, आणि मागच्या बायकांनी तिची ओळ झेलायची. तिचा एक दंडक होता, लगीन नसेल तर धवला नाही. कॉलेजातल्या एक मॅडम मोठं यंत्र घेऊन दोनदा आल्या, आत्यानं दोन्ही वेळा चहा-पोहे देऊन परत पाठवलं. मी स्वतः पाया पडलो, तर मला म्हणाली, “देवाला बोलवायचं नि बसायला पाट नाय द्यायचा, ही कुठची रीत रं?” त्यामुळं तिचा आवाज कुणाकडंच नाही. आमच्या घरात पण नाही.

मग मे महिन्यात माझ्या पुतणीचं, अपेक्षाचं लग्न ठरलं. आत्या म्हणाली, हे माझं शेवटचं लगीन, काय तुझी यंत्रं लावायची ती लाव. मी गजाच्या हातापाया पडून चाळीस मिनिटं जनरेटर बंद करवला. पोरांनी आरडाओरडा केला, नवऱ्याकडचे रुसले, एका मामानं मला विचारलं की तू वऱ्हाडी आहेस की वायरमन. मी दोन माइक लावले, एक आत्यासमोर आणि एक मांडवाच्या बांबूला टांगून बायकांवर. आत्या पाटावर बसली, डोळे मिटले आणि चाळीस मिनिटं न थांबता म्हणत राहिली. आषाढात तिला धाप लागली, ती अजून गेलेली नाही. आता ती एक ओळ एका दमात पुरी करू शकत नाही. म्हणजे ते चाळीस मिनिटांचं जे माझ्या डिस्कवर आहे, तेवढंच आहे. पुन्हा लग्न लावलं तरी मिळणार नाही. त्यातून मी सहा मिनिटांचं एक गाणं काढलं, खाली हलका ढोल आणि एक सुंद्री, ती सनईची धाकटी बहीण, ठेवली आणि ठरवलं की गौरी यायच्या आधी ते सगळीकडं सोडायचं. हे माझं आत्तापर्यंतचं एकमेव काम आहे, ज्याची मला लाज वाटणार नाही. बाकीचं सगळं पोट.

घरी आणून ऐकलं तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मी माइकवाल्याला फोन करून झाडलं, स्वस्तातला माल गळ्यात मारलास म्हणून. तो म्हणाला, तुझ्याआधी चार जण तोच माइक घेऊन गेलेत, कुणाची तक्रार नाही. खोटारडा. मग मी बसून त्याला चमक आणली. वरचे सूर थोडे उचलले, मग आणखी थोडे, मग ढोल बारीक केला, मग पुन्हा वरचे उचलले. पंधरा दिवस. घरच्यांची मदत म्हणशील तर शून्य. गाणं लावलं की श्रद्धाला काहीतरी काम निघायचं, नळाला पाणी आलं, दूध उतू जातंय. कसं वाटतं विचारलं तर काहीतरी पुटपुटायची. हल्ली ती पुटपुटतेच फार, आणि पुन्हा विचारलं की चिडते. बारा वर्षं माझ्या गाण्यांवर घर चाललंय आणि हिला सहा मिनिटं बसवत नाही, हा राग पण होताच.

त्यात इकडं दुसराच वैताग. यंदा रातकिडे नाहीत. लावणी झाली, बांध हिरवे झाले, दिवेलागणीला ओटीवर बसलं की नुसते बेडूक. लहानपणी आपण इथं बसायचो तेव्हा त्या किर्रर्र आवाजानं बोलणं ऐकू यायचं नाही. मागच्या बाजूला मुंबईच्या कुणा शेठचा फार्महाउस झालाय, तिथं हिरवळीवर दर आठवड्याला औषध मारतात. मी सरळ गेटावर जाऊन त्यांच्या राखणदाराला, नामाला, झापलं. म्हटलं, तुमच्या शेठनं आमच्या शिवारातला एक किडा जिवंत ठेवला नाही. नामा माझ्याकडं नुसता बघत राहिला आणि म्हणाला, बसा, पाणी प्या. त्या बघण्याचा मला जास्त राग आला.

शेवटी गाणं गजाच्या टेंपोवर नेलं. तुला रीत माहीत आहे, कर्जतपासून खोपोलीपर्यंत गाणं करणारा प्रत्येक जण आधी गजाकडं जातो. गजानं मान हलवली की गाणं पास. तो स्पीकरला कान लावून उभा राहिला, डोळे मिटले, आणि म्हणाला, “काच हाय रं हरेश, निस्ती काच.” मला भरून आलं. मग त्या नेटवरच्या यंत्राकडून पण मास्टरिंग करून बघितलं, दोनशे रुपयांत, दोन मिनिटांत. त्यानं आवाज आणखी मोठा केला आणि वर अभिनंदन पण केलं. तुझ्यापेक्षा सभ्य आहे ते. तरी मला वाटलं, आत्याचं काम आहे, एकदा माणसाच्या कानाखालून जाऊ दे. म्हणून तुझ्याकडं पाठवलं. आठ तर आठ म्हटलं, उसने आणीन.

आणि तू काय केलंस? चार दिवसांनी फोन केलास आणि पहिलंच वाक्य, आत्याच्या बांगड्या कानात सुयांसारख्या घुसतात. मी म्हटलं, कुठल्या बांगड्या? त्यात बांगड्या आहेतच कुठं, तिनं काढून ठेवल्या असतील. त्यावर तू गप्प बसलास. मला वाटलं फोन कट झाला. मग एकदम खालच्या आवाजात म्हणालास की हे काम मी करणार नाही, पैसे पण नकोत, तू एकदा इकडं येऊन जा. बस. म्हणजे आधी माझी किंमत लावलीस आणि मग माझं काम तुझ्या किमतीचं पण नाही असं सांगितलंस. वर साहेबांच्या भेटीला यायचं. मी फोन ठेवला. तीन आठवडे तुझं नाव काढलं की श्रद्धा विषय बदलायची, एवढा मी तापलेला होतो. ठरवलं की यंत्रानं केलेलंच सोडायचं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहायचं, मास्टरिंग घरच्या घरी.

सोडायच्या आधी आत्याला ऐकवणं भाग होतं. गेल्या सोमवारी छोटा स्पीकर घेऊन तिच्याकडं गेलो. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी गाणं लावलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. वाटलं, स्वतःचा आवाज ऐकून रडेल. अर्धं मिनिट झालं नसेल, तिनं हात पुढं केला आणि स्पीकरवर तळवा ठेवला, तव्यावरची भाकरी दाबतात तसा. म्हणाली, “बांगड्या कशाला रं एवढ्या वाढवल्यास? माजा धवला आयकूच येत नाय.”

सुफियान, मी तिला तुझ्या फोनबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. तिच्या डोक्यात धापेच्या गोळ्यांची नावं शिरत नाहीत, तिला मास्टरिंग काय माहीत. मी तिथून उठलो आणि तिचा चहा न घेता घरी आलो. श्रद्धाला मशीनसमोर बसवलं, गाणं लावलं आणि विचारलं, यात बांगड्या आहेत का. ती म्हणाली, किती महिने सांगतेय. मग उठली, माझ्या उजव्या बाजूला आली आणि हिरव्या चुड्याचा हात माझ्या कानाशी आणून हलवला. हात हललेला मला दिसला.

परवा पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी सुरुवातीला चारसहा वेळा दाबलं आणि मग बराच वेळ वाटलं की यंत्र बंद पडलंय. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सपाट जाते आणि मग बारीक, वरचे आवाज सुरू झाले की खोपोलीच्या डोंगरावरून पाण्याचे पाइप उतरतात तशी खाली. उजवा कान जास्त गेलाय, डावा त्याच्या मागोमाग. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, असं म्हणाले. येताना एसटीत श्रद्धाला विचारलं, रातकिडे आहेत का ग? ती म्हणाली, यंदा तर नुसता उच्छाद आहे. काल जाऊन नामाची माफी मागितली. त्यानं पुन्हा पाणी दिलं. गजाला अजून सांगितलेलं नाही. एवढ्या लोकांत ते गाणं त्याला एकट्याला काच वाटलं, यातच त्याच्या कानांचा कागद मी वाचलाय, आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्याच्या टेंपोवर गाणी पास करून घेत आलो. कान नाक डोळे सगळं ठीक असलेली माणसं आमची गाणी ऐकून काय म्हणत असतील, देव जाणे.

आता माझा खरा राग ऐक. त्या दिवशी फोनवर तुला कळलं होतं. तू गप्प बसलास तेव्हाच कळलं होतं. आणि तरी तू ‘येऊन जा’ म्हणालास. बारा हजार तू कसले घेतोस रे? यंत्रांचे नाही, यंत्र दोनशेत मिळतं. श्रद्धा घर मोडू नये म्हणून पुटपुटते, नामा पाणी देतो, गजाला स्वतःलाच ऐकू येत नाही. अशा वेळी तोंडावर खरं बोलेल असा एक परका माणूस लागतो, त्याचे ते पैसे. स्वतःच्या मानेमागचे केस स्वतःला आरशात दिसत नाहीत, हे मला आता पटलंय, पटवून घ्यायला मला माझे कान द्यावे लागले. आणि नेमकं ते एक वाक्य तू मैत्रीखातर गिळलंस. तीन आठवड्यांत मी गाणं सोडलं असतं तर आत्याचा एकुलता एक धवला आयुष्यभर सुया टोचत फिरला असता, आणि मी छाती काढून हिंडलो असतो. माझ्याशी दोस्ती करायची होती तर त्या दिवशी शिवी द्यायची होतीस. म्हणायचं होतंस, हरेश, तू बहिरा होतोयस.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मी डिस्क घेऊन तुझ्याकडं येतोय. त्यात मांडवातलं मूळ रेकॉर्डिंग आहे, माझा हात न लागलेलं. जुळवणी पण तूच कर आणि शेवटचा हात पण तूच फिरव. गौरीच्या आधी झालं पाहिजे, आत्याला ते पुन्हा ऐकवायचंय आणि तिच्याकडं फार दिवस नाहीत. पैसे पूर्ण घ्यायचे, बारा. आठ म्हणालास तर दारातून परत फिरेन, आणि या वेळी खरंच बोलणार नाही. चाचीचे गुडघे कसे आहेत ते आल्यावर तिलाच विचारतो. तिला म्हणावं, अत्तराचे फाये काढून ठेव, दोन मला आणि दोन गजाला. आणि काम करताना मला बाहेरच्या सोफ्यावर बसवू नकोस, तुझ्या शेजारी बसव. धवला सुरू झाला की आत्याची बांगडी जिथं जिथं वाजेल, तिथं माझ्या हातावर बोट टेकव. त्या कुठं कुठं आहेत, एवढं तरी मला कळू दे.

तुझ्यावर अजून चिडलेला, पण तुझाच,
हरेश